आतून भिजलेले रेशीमराव

रेशीमरावांनी गुलाबी शिफॉन काउंटरवर पसरलं, त्यावरून सवयीनं हात फिरवला आणि हात उचलला, तर शिफॉनही उठलं. त्यांनी हात डावीकडे नेला, शिफॉन डावीकडे आलं. उजवीकडे नेला, शिफॉन उजवीकडे आलं. समोरच्या गिऱ्हाईक बाईंना आधी वाटलं, कापड दाखवायची ही काहीतरी नवी तऱ्हा असेल. मग 'टर्र' असा बारीक आवाज झाला आणि या काठापासून त्या काठापर्यंत एक धागा आखल्यासारखा उमटला.

"हे डिझाइनच असं आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही," रेशीमराव म्हणाले. गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "हा माझा अंगठा आहे."

बाईंनी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, कडेची कातडी उभी राहिली होती, आणि एकंदरीत तो अंगठा रेशमापेक्षा भांडी घासायला जास्त उपयोगी पडेल असा दिसत होता. बाईंनी पर्स उचलली आणि "पुन्हा कधीतरी येईन" असं म्हणून त्या जिना उतरल्या. काचेच्या केबिनमधून शेठ हे सगळं बघत होते, हे सांगायला नकोच.

आता त्या दुकानात माणसांना नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. जो ज्या काउंटरचा, तो त्या नावाचा. अस्तरं विकणाऱ्या बाईंना सगळे अस्तरताई म्हणत. खालच्या मजल्यावर टॉवेलांच्या राशीत उभा राहणारा गोलमटोल गडी म्हणजे टर्किश. आणि वरच्या मजल्यावर, जिथे एसी दिवसभर गारठा ओकत असे, तिथे रेशीमराव. त्यांचं खरं नाव फक्त बायकोला माहीत होतं, तेही तिला रागाच्या भरात आठवे. घरात त्यांना कोणी फारसं विचारत नसे. टीव्हीवर काय लावायचं, भाजी कुठली आणायची, यात त्यांचं मत कोणी घेतलं नव्हतं. पण दुकानात एकदा तागा हातात घेऊन त्यांनी तो झटकला, आणि कापड काउंटरवर सळसळत गेलं, की बायका बोलता बोलता थांबायच्या. त्या एका सळसळीवर हा माणूस जगत होता म्हणा ना.

शेठनी केबिनमध्ये बोलावलं.

"रेशीमराव, या महिन्यातला हा कितवा धागा?"

"मोजले नाहीत, शेठ."

"मी मोजलेत. गुरुवारी नाचाच्या मंडळाच्या पोशाखवाल्या बाई येताहेत. अख्ख्या मंडळाचे पोशाख शिवायचेत त्यांना. त्या दिवशी एक धागा जरी निघाला ना, तर शुक्रवारपासून तुम्ही खाली. पायपुसण्यांच्या काउंटरला सध्या माणूस नाही."

पायपुसणी विकण्यात कमीपणा आहे असं नाही, कोणीतरी विकायलाच हवीत. पण काउंटर बदलला की नाव बदलणार. 'पायपुसणेराव' ही हाक अख्ख्या दुकानात कशी घुमेल, ते त्यांनी मनातल्या मनात ऐकून पाहिलं आणि अंगठा मुठीत दडवला.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, हाताला क्रीम लावायचं. तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं. रेशमाला तेलाचा डाग पडला की ते कापड गेलं. म्हणून रेशीमरावांनी स्वतःच त्या मजल्यावर एक नियम घातला होता. वर काम करू पाहणाऱ्या माणसानं पाची बोटं पातळ कागदावर दाबायची. कागदावर जरा जरी तेलकट ठिपका दिसला, की त्याची रवानगी खाली. टर्किश असाच एका ठिपक्यापायी टॉवेलांत जाऊन पडला होता. आणि दुसऱ्यांना लावलेला नियम स्वतःला लावायचा नाही, अशातले रेशीमराव नव्हते. त्यांनी इतक्या वर्षांत हाताला क्रीमचं बोट लावलं नव्हतं. उलट दुकानाच्या बाथरूममध्ये भांडी घासायचा पिवळा साबण त्यांनी हट्टानं ठेवून घेतला होता, कारण त्याच्यापुढे कुठलंही तेल टिकत नसे. जेवणानंतर, चहानंतर, कशाला हात लागला की त्या साबणानं ते हात खसाखसा घासत. हात कोरडे पडायचं कारण ते या साबणाखेरीज सगळीकडे शोधत होते.

रविवारी ही हकिगत घरी जेवणाच्या टेबलावर निघाली. त्या दिवशी मेहुणा आला होता. हा मेहुणा व्यायामशाळेत शिकवत असे, दर रविवारी बहिणीकडे जेवत असे, आणि जेवणाच्या बदल्यात सल्ले देत असे.

"अहो, रात्री लावा की थोडं क्रीम," बायको म्हणाली.

"रेशमाला हात लावणाऱ्या माणसानं क्रीम लावायचं? उद्या म्हणशील, लोण्याचा गोळाच घेऊन जा दुकानात."

"ताई, हा क्रीमचा प्रश्नच नाहीये," मेहुणा म्हणाला. त्यानं रेशीमरावांचा हात ओढून घेतला, मागची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. "बघा, खाली बसायला किती वेळ घेतेय. दाजी, तुम्ही आतून सुकलाय. वरून कितीही चोपडा, उपयोग नाही. ओलावा आतून आला पाहिजे."

"मग पाणी पितो की भरपूर."

"नुसतं पाणी इकडून येतं आणि तिकडून जातं. त्याला अंगात धरून ठेवायला क्षार लागतात. इलेक्ट्रोलाइट." त्यानं पिशवीतून एक भलामोठा डबा काढून टेबलावर ठेवला. डब्यावर एक घामाघूम माणूस डोंगर चढत होता.

बायकोनं डबा फिरवून मागचं वाचलं. "क्षार म्हणजे मीठच ना रे? यात तर पहिलं मीठच लिहिलंय."

"ते शास्त्रातलं मीठ आहे, ताई."

"काकडीला मीठ लावलं की तिचं पाणी सुटतं आणि ती मऊ पडते, एवढं मला माहितीय."

"दाजी काकडी आहेत का?"

बायकोनं नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती विषय सोडून ताटं उचलायला लागली.

"पण यावर लिहिलंय, जोरदार व्यायामानंतर एक चमचा," रेशीमराव म्हणाले.

"ते चांगल्या तब्येतीच्या लोकांसाठी. तुमचा कोरडेपणा जुना आहे. तुम्ही चार घ्या."

सोमवारी रेशीमराव नारिंगी रंगाची भलीमोठी बाटली घेऊन कामावर गेले. चव काही वाईट नव्हती. संत्र्याच्या गोळीवर कोणीतरी रडलं असावं, तशी लागत होती. दुपारच्या आत बाटली संपली, आणि मग जे व्हायचं तेच झालं. बाथरूम होतं खाली, पायपुसण्यांच्या काउंटरच्या मागे. रेशीमराव भराभर जिना उतरले, पायपुसण्यांकडे न बघता आत गेले, आणि बाहेर येण्याआधी नियमाप्रमाणे पिवळ्या साबणानं हात घासघासून धुतले. दारातच टर्किश नवाकोरा टॉवेल घेऊन उभा होता.

"घ्या काका. पाणी चांगलं टिपतो हा."

टॉवेल खरंच चांगला होता. त्यानं पाण्याबरोबर उरलीसुरली कातडीही टिपली.

रेशीमराव वर गेले. अर्ध्या तासात पुन्हा खाली आले. पुन्हा साबण, पुन्हा टॉवेल. संध्याकाळपर्यंत त्यांच्या इतक्या खेपा झाल्या, की नव्या गिऱ्हाइकांना वाटलं, हे गृहस्थ जिन्याचं काम बघतात. हात सकाळपेक्षा जास्त खरखरीत झाले होते. ते बघून रेशीमराव घाबरले आणि घाबरून त्यांनी दुसरी बाटली बनवली. बाटली वाढली की खेपा वाढत, खेपा वाढल्या की साबण वाढे, साबण वाढला की हात सुकत, आणि हात सुकले की बाटली वाढे. यात कुठे काही चुकतंय अशी शंका त्यांना आली नाही, कारण माणूस घाईत असला की त्याला शंका येत नाहीत.

मंगळवारी सकाळी आरशात बघताना त्यांना स्वतःचा चेहरा जरा अनोळखी वाटला. डोळ्यांखाली फुगवटे आले होते, गाल भरले होते. त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"बघा," मेहुणा खूश होऊन म्हणाला, "धरलं की नाही पाणी अंगानं?"

"चेहऱ्यानं धरलंय. हातापर्यंत नाही आलं अजून."

"वरून खाली येतंय, दाजी. धीर धरा."

बुधवारी बूट पायात जाईनात. रेशीमराव बायकोच्या जुन्या सपाता घालून निघाले आणि वाटेत त्यांनी पुन्हा फोन केला. "अरे, पायापर्यंत पोचलं बाबा. मधले हात तेवढे सोडून गेलं."

"मग आता परत वर चढेल. चार चमच्यांचे सहा करा."

इकडे दुकानात वेगळाच पेच उभा राहिला. रेशीमराव सारखे खाली, तर वरच्या गिऱ्हाइकांकडे बघायचं कोणी? शेठनी कागदाचा नियम बाजूला ठेवून टर्किशला वर पाठवलं. टर्किश आनंदानं गेला. रेशीमराव जिन्यानं वर येत असताना त्यांनी ती सळसळ ऐकली आणि ते पायरीवरच थांबले. तागा टर्किशनं झटकला होता. त्याच्या गुबगुबीत हातांखालून सॅटिन लोण्यासारखं गेलं, आणि समोरच्या दोघी बायका बोलता बोलता थांबल्या. रेशीमरावांना अगदी कसंतरी झालं. आपल्या घरात आपल्याच खुर्चीवर पाहुणा बसलेला बघून होतं ना, तसं.

त्या दुपारी त्यांनी मनाशी ठरवलं, हात लावायचाच नाही. हात नाही लावला तर धागा निघेल कसा? अस्तरताईंना समोर बसवून त्यांनी सराव सुरू केला. तागा कोपरानं ढकलायचा. कापड हनुवटीनं उचलायचं. मग कापडाचं टोक मागच्या बाजूनं कमरेच्या पट्ट्यात खोचायचं, एक गिरकी घ्यायची, की कापड आपोआप अंगावरून उलगडतं आणि त्याचा झोक दिसतो.

"हाताला काही लागलंय का, असं वाटतं बघणाऱ्याला," अस्तरताई म्हणाल्या. "पण कापड छान दिसतं."

गुरुवारी रेशीमरावांनी शेवटचा उपाय म्हणून सकाळीच दोन बाटल्या रिचवल्या. पोशाखवाल्या बाई येणार होत्या दुकान उघडताना, आल्या तासाभरानं. उंच, सडसडीत, गळ्यात मोजायची फीत, आणि कुठल्याही गोष्टीची घाई नाही. शेठ स्वतः केबिनमधून बाहेर येऊन उभे राहिले. टर्किश मदतीला होता. रेशीमराव सपातांमध्ये उभे होते आणि त्यांची अवस्था त्यांनाच ठाऊक.

"आधी पांढरं दाखवा," बाई म्हणाल्या.

रेशीमरावांनी पांढरं कोपरानं पुढे ढकललं. बाईंनी ते चिमटीत धरलं, उजेडाकडे केलं, गालाला लावलं, पुन्हा उजेडाकडे केलं. मग पिवळं बघितलं. मग पुन्हा पांढरं. शेठ म्हणाले, "बाईंना पाणी द्या रे." कोणीतरी बाईंसमोर जगमधून पेल्यात पाणी ओतलं. ती धार ऐकून रेशीमरावांनी डोळे घट्ट मिटले.

"हे निळं बघू," बाई म्हणाल्या. "पण नुसतं पसरून नको. पडतं कसं, ते बघायचंय मला."

रेशीमरावांनी निळ्या जॉर्जेटचं टोक हनुवटीनं उचललं, टर्किशनं ते त्यांच्या पाठीमागे पट्ट्यात खोचलं, त्यांनी एक गिरकी घेतली. गिरकी घेतली आणि संपलंच. आतापर्यंत मोठ्या निग्रहानं जे थोपवून धरलं होतं, ते आता थांबायला तयार नव्हतं.

"आलोच," असं म्हणून रेशीमराव निघाले.

ते एकटे निघाले असते तर प्रश्न नव्हता. पट्ट्यात खोचलेलं जॉर्जेटही निघालं. रेशीमराव जिन्याकडे धावले, मागे निळं कापड हवेत उठलं. काउंटरवरचा तागा गरगर फिरत कडेला आला, धपकन खाली पडला आणि पायऱ्या उतरायला लागला. रेशीमराव पुढे, तागा मागे, मधे निळीशार लाट. अस्तरताई बाजूला झाल्या. टॉवेलांवरून, चादरींवरून, पायपुसण्यांवरून ती लाट वळली आणि बाथरूमचं दार धाडकन बंद झालं. उरलेलं कापड हळूहळू खाली बसलं.

बाहेर राहिलेल्या टोकापासून दारापर्यंत सगळे कापडाच्या कडेकडेनं चालत आले. शेठ, पोशाखवाल्या बाई, टर्किश, अस्तरताई आणि दोन गिऱ्हाइकं, जी खरं तर उशीचे अभ्रे घ्यायला आली होती. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग साबण घासल्याचा आवाज आला. मग दार उघडलं.

एवढी माणसं दारात बघून रेशीमरावांचा चेहरा पांढराफटक पडला. आपण पायपुसण्यांच्या बरोब्बर मधे उभे आहोत, हेही त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वळून कापडाकडे पाहिलं, वाकून पाहिलं आणि मान वर करून म्हणाले, "धागा एकही निघाला नाही, शेठ."

शेठ तोंड उघडणार, तेवढ्यात पोशाखवाल्या बाई म्हणाल्या, "परत एकदा पळून दाखवाल?"

"अं?"

"आमच्या मुली स्टेजवर उभ्या नसतात हो, पळतात. आजवर कुठल्या दुकानदारानं मला पळणारं कापड दाखवलं नाही. परत एकदा. या वेळी जरा हळू."

रेशीमराव परत एकदा पळाले. पांढरं घेऊन पळाले, पिवळं घेऊन पळाले. बाईंनी निळं आणि पांढरं घेतलं, आणि इतकं घेतलं की शेठनी त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची उचलून आणली. जाताना बाईंची नजर रेशीमरावांच्या हातांवर गेली.

"हे काय करून घेतलंय? कशानं धुता हात?"

रेशीमरावांनी अभिमानानं पिवळा साबण आणून दाखवला.

"यानं मी जळकं पातेलं घासते," बाई म्हणाल्या. "आणि ती नारिंगी बाटली कशाला?"

"हातांसाठी. आतून ओलावा यायला."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, आमच्या मुली तीन तास घाम गाळतात, मग पितात ते. तुम्ही एसीत उभे. घाम नाही, जुलाब नाही, तर अंगाला लागेल तेवढं पाणी अंग ठेवतं आणि जास्तीचं बाहेर टाकतं. साबणानं खरवडलेल्या हाताला ते कुठून पुरणार? आणि मीठ एवढं घेतलंत म्हणून तोंड सुजलंय. आधी ते बंद करा. सूज नाही उतरली तर डॉक्टरकडे जा."

"पण क्रीम लावलं तर कागदावर..."

"आणा कागद."

कागद आला. बाईंनी पाची बोटं दाबली. कागद कोराच राहिला.

"रोज रात्री हात ओलसर असतानाच क्रीम चोपडते मी. सकाळी साध्या साबणानं धुते. रात्रभरात कातडी सगळं पिऊन टाकते, कागदासाठी काही उरत नाही."

रेशीमराव त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश जाऊन तो पिवळा साबण कचऱ्याच्या डब्यात टाकला. क्षारांचा उरलेला डबा त्यांनी मेहुण्याला परत केला. मेहुणा म्हणाला, दाजींनी उपचार अर्धवट सोडला, नाहीतर गुण येतच होता.

पुढे सगळं फार चांगलं झालं. सूज दोन-तीन दिवसांत उतरली. बायको रोज रात्री आठवणीनं क्रीमची बाटली उशाशी ठेवी आणि "मी काय म्हणत होते?" हे फक्त एकदाच म्हणे, पण रोज म्हणे. महिन्याभरात अंगठ्याच्या चिरा भरल्या, कडा बसल्या. पायपुसण्यांचा विषय शेठनी कायमचा काढून टाकला. उलट पोशाखवाल्या बाईंनी चार ठिकाणी सांगितल्यामुळे दुसरी मंडळं, नाटकवाले, लग्नाचे झगे शिवणाऱ्या बाया, सगळ्यांची वर रीघ लागली.

एका दुपारी दुकानात सामसूम असताना रेशीमरावांनी फिकट सॅटिन काढलं आणि दोन्ही हात त्यावरून फिरवले. एक धागा अडला नाही. पुन्हा फिरवले. हात मऊ, कापड मऊ, कुठलं काय ते कळेना. त्यांना अगदी भरून आलं. आता तागा उचलावा आणि पूर्वीसारखा झटकावा म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"काका, हात जरा बाजूला घेता का?" मागून टर्किश नम्रपणे म्हणाला. "गिऱ्हाईक येतंय. शेठ म्हणाले, तागा मी सोडायचा. तुम्ही फक्त पळायचं."

खालून जिन्यावर बायकांच्या बोलण्याचा आवाज वर येत होता. "ते पळणारे काका आज आहेत ना?" असं कोणीतरी विचारलं. रेशीमरावांनी सॅटिनवरचे हात काढून घेतले, खिशात घातले, आणि टोक खोचता यावं म्हणून टर्किशकडे पाठ केली.